अल्बमची मागची बाजूही छापा

मा. संपादक,
स. न.

रविवार पुरवणीतला प्रोग्रेसिव्ह रॉकवरचा, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉक संगीतावरचा लेख आस्थेने लिहिलेला होता. पण पिंक फ्लॉइड, येस, जेनेसिस, किंग क्रिमसन आणि इमर्सन, लेक अँड पामर या पाच नावांनी तो सुरू झाला आणि त्याच पाच नावांत संपला. १९७७ च्या सुमारास पंक, म्हणजे साधे आणि आक्रमक रॉक, आले आणि हे संगीत आटोपले, असेही त्यात म्हटले होते. लंडनच्या संगीत साप्ताहिकांपुरते ते खरे धरू. पण इटलीतल्या आस्ती शहराच्या लोकांदा देले फाते या सात जणांच्या बँडचा पहिला अल्बम मुळात आलाच १९७७ मध्ये. ब्राझीलच्या बाकामार्तेचा ‘देपोइस दो फिम’ १९८३ चा. हंगेरीच्या सोलारिसचा पहिला अल्बम १९८४ चा. स्वीडनच्या एंग्लागोर्डचा ‘हीब्रिस’ १९९२ चा आणि नॉर्वेच्या वॉब्लरचा ‘फ्रॉम सायलेन्स टू समव्हेअर’ २०१७ चा. पाचांच्या यादीत बसून राहिले तर यातला एकही हाती लागत नाही. तो का लागत नाही आणि कसा लावायचा, यासाठी हे पत्र.

अ‍ॅपच्या शिफारशी इथे कमी पडतात, आणि त्यात अ‍ॅपचा खोडसाळपणा काही नाही. हे ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकले, यावर शिफारस उभी असते. ऐकणारेच थोडे असले की ती पातळ पडते आणि गाडी पुन्हा येस-जेनेसिसच्या फलाटावर येऊन थांबते. दुसरे कारण मोजणीचे. स्पॉटिफायवर गाणे तीस सेकंद वाजले की एक वेळा ऐकले असे धरतात. वॉब्लरच्या त्या अल्बममधली पहिली रचना जवळपास २१ मिनिटांची आहे. तीही एकच वेळा मोजली जाते. तेवढ्या वेळात तीन मिनिटांची सात गाणी वाजून जातात. पूर्ण अल्बममध्ये रचना चार, म्हणजे पाऊण तास मन लावून ऐकणाऱ्याची नोंद चार. शिवाय २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला तिथे मानधनच मिळत नाही. म्हणून या क्षेत्रातले कितीतरी लहान बँड अल्बम आधी बँडकॅम्पवर, म्हणजे बँड स्वतःच अल्बम विकतात त्या संकेतस्थळावर, ठेवतात आणि काही तर बाकी कुठे ठेवतच नाहीत.

तिसरी अडचण नामसाधर्म्याची. इटलीत चेलेस्ते नावाचा बँड होता. १९७६ चा त्यांचा ‘प्रिंचिपे दि उन जोर्नो’ हा बासरी आणि मेलोट्रॉन (ध्वनिफितींवर चालणारे पट्ट्यांचे वाद्य) यांचा अतिशय हळुवार अल्बम आहे. तेच नाव फ्रान्समधल्या एका कर्कश मेटल बँडचे आहे आणि ब्रिटनच्या एका सोल गायिकेचेही. अ‍ॅपने तिघांना एकाच पानावर कोंबले, तर हळुवार काही ऐकायला बसलेल्या माणसाच्या कानावर काय आदळेल हे सांगायला नको. नावासोबत अल्बमचे वर्ष टाकून शोधले की हा गोंधळ बराच टळतो.

लिपीचाही एक बारकावा आहे. एंग्लागोर्डच्या रोमन नावात एका ‘ए’वर दोन टिंबे आणि दुसऱ्या ‘ए’वर वर्तुळ असते. साधे ‘ए’ टाइप केले तरी बहुतेक ठिकाणी ते सापडते, कारण संगणकाच्या लेखी ती अक्षरे ‘ए’ अधिक चिन्ह अशी फोडता येतात. नॉर्वेच्या योर्डशोच्या नावातला शेवटचा, तिरकी रेघ मारलेला ‘ओ’ मात्र तसा फुटत नाही. तो स्वतंत्र वर्ण आहे. त्यामुळे आपल्याच संगणकातल्या फायलींत साधा ‘ओ’ टाकून शोधले तर काही प्लेअर ‘सापडले नाही’ म्हणून हात वर करतात. नाव एकदा बँडच्या पानावरून जसेच्या तसे उचलून चिकटवावे.

आता मुख्य मुद्दा. या संगीतात बँडच्या नावापेक्षा श्रेयनामावली जास्त उपयोगी पडते. अल्बमच्या मागच्या बाजूला कोणी काय वाजवले, ध्वनिमुद्रण कोणी केले, कंपनी कोणती, तिचा क्रमांक काय, हे छापलेले असते. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर लाखो अल्बमांची ही मागची बाजू नोंदलेली आहे. आवडलेल्या अल्बमचे पान उघडावे, वादकाच्या नावावर टिचकी मारावी, त्याच्या पानावर स्वतःचे अल्बम सोडून ‘क्रेडिट्स’ची गाळणी लावावी आणि यादी वर्षाप्रमाणे लावून घ्यावी. आवडलेल्या अल्बमच्या आगेमागे तीन वर्षांतली नावे आधी ऐकावीत, कारण माणसाचा हात आणि वाद्ये त्या काळात साधारण तीच असतात. गायकापासून सुरुवात करू नये. गायक बहुधा आपल्या बँडचा चेहरा असतो, इतरत्र फारसा दिसत नाही. ड्रमवादक, बासवादक आणि कीबोर्डवाला हे चार घरी जेवणारे लोक. तेच आपल्याला नव्या घरी घेऊन जातात.

एक साखळी पूर्ण मांडतो. एंग्लागोर्डचा ‘हीब्रिस’ घ्या. चार रचना, साधारण ४४ मिनिटे, मेलोट्रॉन, हॅमंड ऑर्गन, बासरी आणि सतत कूस बदलणारी लय. ड्रमवर मातियास ओल्सन. त्याचे नाव धरून गेलो की नॉर्वेच्या व्हाइट विलोचा २०११ चा ‘टर्मिनल ट्वायलाइट’ सापडतो. त्यात कीबोर्डवर लार्स फ्रेडरिक फ्रॉइस्ली आहे. फ्रॉइस्लीचे पान उघडले की त्याचा मुख्य बँड वॉब्लर येतो. २००५ चा ‘हिंटरलँड’, २०११ चा ‘राइट्स अ‍ॅट डॉन’, मग वर आलेला २०१७ चा आणि २०२० चा ‘ड्वेलर्स ऑफ द डीप’. ऐकायला मात्र २०१७ च्या अल्बमपासून बसावे. ‘हिंटरलँड’मध्ये कल्पना खूप आहेत, पण त्या एकमेकींना पुरेशी जागा देत नाहीत. फ्रॉइस्लीचा एकट्याच्या नावाचा, नॉर्वेजियन भाषेतला ‘फिरे फोर्टेलिंगर’ २०२३ मध्ये आला. त्यात बास वाजवणारा निकोलाई हेंग्स्ले. हेंग्स्लेच्या नावावरून दोन वाटा फुटतात. एक नीडलपॉइंट, इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या बँडच्या जॅझकडे झुकलेल्या वळणाचा, हलक्या आवाजातला बँड. दुसरी एलेफंट नाइन, म्हणजे ऑर्गन, बास आणि ड्रम या तिघांचा धबधबा. एलेफंट नाइनच्या २०१२ च्या ‘अटलांटिस’मध्ये पाहुणा गिटारवादक रेइने फिस्के आहे. आणि हा फिस्के कोण? स्वीडनच्या लांडबर्कचा गिटारवादक, ज्यांचा पहिला अल्बम ‘हीब्रिस’च्याच वर्षी, १९९२ मध्ये आला. नंतर तो डुंगेन या बँडमध्येही वाजवतो. म्हणजे स्टॉकहोमहून निघून ऑस्लोला वळसा घालून पुन्हा स्वीडनला. वाटेत सात-आठ बँड मिळाले आणि एकाही शिफारशीची गरज पडली नाही.

आपल्याकडे परिचित असलेल्या नावापासूनही असेच निघता येते. पोर्क्युपाइन ट्री २००९ मध्ये आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोत वाजवून गेले, त्यामुळे त्यांचे चाहते इथे कमी नाहीत. ते चाहते पुढे बहुतेक बँडप्रमुख स्टीव्हन विल्सनच्या मागे जातात. त्याऐवजी बासवादक कॉलिन एडविनच्या मागे जा. तो ओ.आर.के. या चौघांच्या बँडमध्ये भेटेल. बाकीचे तिघे म्हणजे इटलीचा गायक, इटलीचाच गिटारवादक आणि किंग क्रिमसनचा ड्रमवादक पॅट मास्टेलॉटो. त्यांचा पहिला अल्बम २०१५ चा ‘इन्फ्लेम्ड राइड्स’.

वादकानंतरचा धागा कंपनीचा. मोठ्या कंपनीच्या यादीतून काही कळत नाही, पण लहान कंपनी म्हणजे बहुतेक वेळा एका माणसाचा कान असतो. तो कान आपल्याशी जुळला की पन्नास अल्बमांची चाचपणी आयती झालेली असते. नॉर्वेतल्या बर्गनची करिझ्मा रेकॉर्ड्स ही वॉब्लरची सध्याची कंपनी. तिच्याच यादीत योर्डशो आणि टुसमर्के आहेत. योर्डशो हा ऑस्लोतला दोघांचा बँड. त्यांचा २०१९ चा ‘नात्तफिओलेन’ आधी ऐका. एलेफंट नाइनची कंपनी ऑस्लोची रूने ग्रामोफोन. अमेरिकेतल्या मेरीलँडमधली क्युनिफॉर्म १९८४ पासून चालू आहे आणि तिच्या अल्बमांवर ‘रून’ आणि पुढे आकडा असा क्रमांक असतो. एखादा अल्बम आवडला तर त्याच्या पुढचे आणि मागचे दोन-दोन क्रमांक ऐकून पाहावेत. न्यू यॉर्कमध्ये सुरू झालेली मूनजून इंडोनेशियाच्या वादकांना बाहेर आणते. देवा बुद्जाना हा तिकडच्या एका लोकप्रिय बँडचा गिटारवादक, त्याचा २०१४ चा अल्बम ‘सूर्य नमस्कार’ याच कंपनीचा. नाव वाचून योगवर्गातले संगीत असेल असे समजू नये, ड्रमवर व्हिनी कोलाय्युटा आहे.

सत्तरच्या दशकातले अल्पपरिचित अल्बम हवे असतील तर इटलीइतकी दाट खाण दुसरी नाही. १९७१ ते १९७५ या काळात तिथे असंख्य बँडनी एकेक अल्बम काढला आणि ते विखुरले. नेपल्सच्या इल बालेत्तो दि ब्रोंझोचा ‘इस’ १९७२ चा आहे. कीबोर्डवादक आणि गायक जान्नी लेओने याने त्यात जो ताण उभा केला आहे तो त्या वर्षीच्या इंग्लंडमध्येही क्वचितच ऐकू येतो. सानरेमोच्या परिसरातल्या म्युझेओ रोझेनबाखचा ‘झाराथुस्त्रा’ १९७३ चा. त्याची पूर्ण पहिली बाजू एकच रचना आहे. मुखपृष्ठावरच्या चित्रजुळणीत मुसोलिनी आणि आत नीत्शे, एवढ्यावरून बँडवर फॅसिस्ट असल्याचा शिक्का बसला आणि अल्बम तिथेच मेला. रोमच्या सेमिरामिसच्या ‘देदिकातो आ फ्राझ’मध्ये, तोही १९७३ चाच, गिटार आणि गायन मिकेले झार्रिल्लो या सोळा वर्षांच्या मुलाचे आहे. पुढे तो इटलीचा नावाजलेला पॉप गायक झाला.

गायकाच्या मागे जाऊ नका असे वर म्हटले, त्याला इटलीत एक सणसणीत अपवाद आहे. म्युझेओ रोझेनबाखचा गायक स्तेफानो गालिफी २०१० मध्ये जेनोवाच्या इल तेंपिओ देल्ले क्लेसिद्रे या नव्या बँडच्या पहिल्या अल्बमवर गातो. बँडने नावच ‘झाराथुस्त्रा’मधल्या शेवटच्या भागावरून घेतले आहे. कंपनी जेनोवाचीच ब्लॅक विडो. त्याच शहरातला फाबिओ झुफांती हा बासवादक म्हणजे दुसरा धागा. त्याच्या ला मास्केरा दि चेराने २०१३ मध्ये ‘ले पोर्ते देल दोमानी’ काढला, तो ले ओर्मे या जुन्या इटालियन बँडच्या १९७३ च्या ‘फेलोना ए सोरोना’चा पुढचा भाग म्हणून. दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकावेत, तेही वर्षांच्या क्रमाने. नेपल्सच्या बाजूने गेलात तर चेर्व्हेल्लोचा १९७३ चा ‘मेलोस’ चुकवू नका. त्यात कीबोर्डवादकच नाही, बासऱ्या, सॅक्सोफोन आणि गिटार यांवर सगळे तोलले आहे. त्यातला गिटारवादक कोर्रादो रुस्तिची पुढे नोव्हा या बँडमध्ये गेला. त्यांच्या १९७६ च्या अल्बमचे नाव ‘विमान’ आणि त्यावर तालवाद्ये वाजवणाऱ्यांत फिल कॉलिन्स. पाचांच्या यादीशी नाते लागले ते असे मागच्या दाराने.

या जुन्या अल्बमांच्या सीडी किंवा डिजिटल आवृत्त्या घेताना एक गोष्ट पाहावी. मूळ अल्बम ३५-४० मिनिटांचा असतो आणि पुढे कच्ची ध्वनिमुद्रणे, एकेरी तबकडीवरची गाणी अशी भर घातलेली असते. डिस्कॉग्जवर मूळ तबकडीचा क्रम पाहून तेवढेच आधी ऐकावे. शेवटच्या रचनेनंतर लगेच खरखरणारी तालीम सुरू झाली की अल्बमचा घाट मोडतो आणि दोष विनाकारण बँडला जातो. यूट्यूबवर चढवलेल्या पूर्ण अल्बमांत तर तबकडी किंचित वेगाने फिरवलेली असणे, बाजू उलटसुलट लागणे हे नेहमीचे. चाचणीसाठी ते ठीक, मत बनवण्यासाठी नाही.

काही बँड मुद्दाम बाजाराबाहेर राहिले. १२ मार्च १९७८ ला लंडनच्या न्यू लंडन थिएटरमध्ये इंग्लंडच्या हेन्री काऊने इटलीचा स्तॉर्मी सिक्स, स्वीडनचा साम्ला मामास मान्ना, बेल्जियमचा युनिव्हर्स झिरो आणि फ्रान्सचा एत्रों फू लेलूब्लां यांना एकत्र आणले. त्या चळवळीचे नाव रॉक इन ऑपोझिशन. या पाच नावांवरून आजही शेकडो बँडपर्यंत जाता येते. युनिव्हर्स झिरोच्या १९७७ आणि १९७९ च्या पहिल्या दोन अल्बमांत ‘बसून’ हे फुंकून वाजवायचे लाकडी वाद्य आणि चक्क हार्मोनियम आहे. पेटीचा इतका भीषण, स्मशानातला वापर नाट्यसंगीतावर वाढलेल्या कानांनी एकदा तरी ऐकावा. सुरुवात मात्र इथून करू नये. हे संगीत रात्री एकट्याने ऐकायचे आणि आधी थोडी सवय असावी.

वाद्यावरूनही अल्बम शोधता येतात. मेलोट्रॉन या वाद्यावर किती अल्बम आहेत आणि कोणत्या गाण्यात ते किती वाजले, याची गुणांसह यादी करणारे प्लॅनेट मेलोट्रॉन नावाचे संकेतस्थळ आहे. वाद्य ओळखायचे कसे, ते सांगतो. मेलोट्रॉनच्या एम ४०० या मॉडेलला ३५ पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीखाली त्या सुराच्या ध्वनिमुद्रणाची वेगळी फीत असते आणि ती सुमारे आठ सेकंद चालते. मग पट्टी सोडावीच लागते, स्प्रिंग फीत मागे खेचते. म्हणून वादक सूर सलग धरत नाही, त्याच सुरांची मांडणी बदलत राहतो. एकदम बऱ्याच पट्ट्या दाबल्या की मोटरवर भार येऊन सूर किंचित खाली बसतो, तो थरथरता आवाज हीच त्याची खूण. तंतुवाद्यांचा थर पंधरा-वीस सेकंद ढिम्म न हलता टिकला तर तो स्ट्रिंग सिंथेसायझर किंवा हल्लीचे सॅम्पल, म्हणजे वाद्याच्या आवाजाची संगणकात साठवलेली प्रत. सॅम्पल वापरले म्हणून अल्बम वाईट ठरत नाही. पण ‘सत्तरच्या दशकातला आवाज’ अशी जाहिरात करणाऱ्या नव्या अल्बमात खरे काय आहे, हे यावरून कळते.

ऐकण्याच्या सोयीबद्दल थोडे, कारण नव्या अल्बमला पहिल्याच वेळी नापास करण्यात इथल्या चुका फार. प्लेअरमधला ‘क्रॉसफेड’ (एक गाणे पुढच्यात विरवणारी सोय) शून्यावर ठेवावा आणि ‘गॅपलेस’ (मध्ये खंड न पाडणारी सोय) चालू करावा. दोन रचना एकमेकींत मिसळत असतील तिथे क्रॉसफेड शेवटचे पाच सेकंद पुसून टाकतो, आणि गॅपलेस बंद असेल तर मध्ये उचकी लागते. एमपी३ फायलीत सुरुवातीला आणि शेवटी भरीचे रिकामे नमुने असतात, त्यामुळे जुन्या प्लेअरवर ही उचकी हमखास येते. फ्लॅक या, आवाजातले काही न गाळता साठवणाऱ्या फायलीत ती भर नसते. आवाज समपातळीवर आणणारी सोय असेल तर ती गाण्यानुसार नको, अल्बमनुसार लावावी. नाहीतर दोन मिनिटांचा शांत पियानो पुढच्या दहा मिनिटांच्या गदारोळाइतकाच मोठा ऐकू येतो. लोकलमध्ये हे संगीत ऐकू नये. शांत भाग गाडीच्या आवाजात बुडतात, आपण आवाज वाढवतो आणि पुढच्या क्षणी कानठळ्या बसतात.

लयीच्या बाबतीत मराठी श्रोत्याचे एक भांडवल आहे, ते वापरावे. जेनेसिसच्या ‘द सिनेमा शो’च्या उत्तरार्धातली सातची लय रूपकाच्या सात मात्रा हातावर धरणाऱ्याला अवघड नाही. ‘सपर्स रेडी’मधला नऊचा भाग तीन-दोन-चार असा पडतो. परिचित रचनांवर हात बसला की अपरिचिताकडे वळावे. गिटार सातात आणि ड्रम चारात असतील तर दोघे अठ्ठावीस मात्रांनी समेवर भेटतात. ती भेट कानाने पकडली की गोंधळ वाटणारा भाग एकदम बांधलेला दिसतो. मात्र एंग्लागोर्डसारख्या बँडमध्ये दर काही आवर्तनांनी मात्रांची संख्याच बदलते. तिथे मोजणी सोडून द्यावी आणि मुखडा कुठे परत येतो तेवढेच कागदावर मिनिट-सेकंदांसह टिपावे. दुसऱ्या ऐकण्यात तो कागद समोर ठेवला की वीस मिनिटांची रचना चार-पाच भागांत सुटी होते. तिसऱ्या वेळी फक्त बासच्या मागे जावे. तिथवर येऊनही काही हाती लागले नाही तर तो अल्बम खुशाल सोडावा. कर्तव्य म्हणून ऐकण्यासारखे काही नाही.

ताऱ्यांच्या गुणांकनाकडे सावधपणे पाहावे. प्रोग आर्काइव्ह्जवर एक ते पाच तारे देतात आणि उपप्रकारांची विभागणी उत्तम आहे. इटालियन, कँटरबरी, त्स्यूल (फ्रान्सच्या माग्मा बँडचे वळण), अव्हान्त (प्रयोगशील) असे कप्पे आहेत आणि ‘इंडो-प्रोग’ असाही एक. पण नव्या अल्बमला पहिले पाच-पाच तारे बहुधा मित्रमंडळींकडून येतात. सरासरीपेक्षा मते किती आली ते आधी पाहा, आणि परीक्षणे वाचायची तर तीन ताऱ्यांची वाचा. काय जमले आणि काय नाही, दोन्ही त्यांतच लिहिलेले असते. याहून विश्वासू म्हणजे महोत्सवांची जुनी वेळापत्रके. अमेरिकेतला निअरफेस्ट १९९९ ते २०१२ चालला, नॉर्थ कॅरोलिनातला प्रोगडे १९९५ पासून आणि पोर्तुगालमधला गोव्हेया २००३ पासून. त्यांच्या याद्यांतले शेवटचे मोठे नाव आपल्याला माहीत असते. दुपारी पहिल्यांदा वाजवणारा बँड कोण होता ते पाहावे.

विकत घेण्याबद्दल. बँडकॅम्पवर अल्बमखाली तो घेतलेल्यांची छोटी चित्रे असतात. त्यातल्या एखाद्यावर टिचकी मारली की त्या माणसाचा सगळा संग्रह दिसतो. आपल्या आवडीचे तीन अनोळखी अल्बम ज्याच्याकडे आहेत, त्याचा चौथा बिनधास्त ऐकावा. डिजिटल विक्रीवर बँडकॅम्प सुरुवातीला १५ टक्के घेते. ‘बँडकॅम्प फ्रायडे’ला हा वाटा सोडून देते. तो दर महिन्याला नसतो आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेने चालतो. म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबाराला, त्यांच्या हिवाळ्यात दीडला सुरू होऊन शनिवारी त्याच वेळी संपतो. पैसे भरताना कार्ड नाकारले गेले तर बहुधा त्यावर परदेशी व्यवहार बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमधून ते चालू करावेत, मर्यादा कमी ठेवावी आणि काम झाल्यावर पुन्हा बंद करावेत. परकी चलनावरचा बँकेचा आकार धरून हिशेब करावा. ४५ मिनिटांचा अल्बम ३२० च्या एमपी३ मध्ये सुमारे ११० एमबी होतो आणि सीडीच्या दर्जाच्या फ्लॅकमध्ये अडीचशे-तीनशे. फ्लॅकच उतरवून घ्यावा, त्यातून एमपी३ केव्हाही करता येते, उलटे येत नाही. तबकडी मागवायचीच असेल तर टपाल आणि आयात शुल्क मिळून तबकडीपेक्षा महाग पडू शकते. विक्रेत्याला तबकडी वेष्टनाबाहेर काढून वेगळी ठेवायला सांगावे, नाहीतर प्रवासात तिच्या कडेने वेष्टन फाटते. जुन्या मालात ‘व्हीजी प्लस’ (‘व्हेरी गुड प्लस’, तबकडीच्या स्थितीची श्रेणी) याच्या खाली उतरू नये. या संगीतात शांत जागा फार, प्रत्येक चरा तिथे ऐकू येतो.

आपल्या देशातही शोधण्यासारखे आहे. कोचीच्या मदरजेनचा ‘मक्तूब’ २००८ चा, त्यातल्या बैजू धर्मजनच्या गिटारवर कर्नाटक संगीताचे गमक स्पष्ट ऐकू येतात. मुंबईच्या कोशिशचा ‘फिरदौस’ २०१३ चा, हिंदीतला सलग कल्पनेवर बांधलेला अल्बम. या दोघांपासून वादकांचे धागे कसे न्यायचे ते वर आलेच आहे.

आपल्या पुरवणीला विनंती एकच. अल्बमवर लिहिताना शेजारी छोटी चौकट द्यावी. बँडचे नाव मूळ रोमन लिपीत, वर्ष, कंपनी आणि क्रमांक, रचना किती व एकूण मिनिटे किती, कोणी काय वाजवले, ध्वनिमुद्रण कोणाचे. सहा-सात ओळींत हे बसते. जागा अपुरी पडली तर गुणांकनाचे तारे काढून टाका, ड्रमवादकाचे नाव ठेवा.

आपला,
एक वाचक, डोंबिवली